लोकताकचे पाणी उतरायला हवे

येत्या हिवाळ्यात मणिपूरला जाण्याचा बेत करणाऱ्या एका वाचकाने लोकताक सरोवराविषयी तीन प्रश्न विचारले आहेत. हे सरोवर मरत आहे असे वाचनात येते, ते खरे आहे काय? तेथील तरंगती बेटे यंत्रे लावून काढून टाकतात, तर मग त्याच बेटांवर जगणाऱ्या संगाई हरणांचे काय होणार? आणि अशा अवस्थेतील सरोवर पाहायला आपण जावे की जाऊ नये? पाणथळ जागांमधील पाण्याच्या हालचालींचा अभ्यास हे माझे काम असल्याने, आणि त्या निमित्ताने लोकताकच्या काठावर काही हिवाळे काढलेले असल्याने, उत्तर लांबणार आहे. शिवाय पहिल्या दोन प्रश्नांचे मूळ एकच असल्यामुळे त्यांना वेगवेगळी उत्तरे देण्यात अर्थ नाही.

सुरुवात आपल्याकडच्या अनुभवापासून करतो. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, रोहित म्हणजे फ्लेमिंगो पाहायला गेलेल्यांनी तेथील नावाड्यांकडून एक गोष्ट ऐकलेली असते: पाणी उतरल्याशिवाय पक्षी येत नाही. धरण तुडुंब भरलेले असते तेव्हा रोहितांना उभे राहायला उथळ पाणी आणि चोच घालायला चिखल मिळत नाही. पाणी खाली सरकू लागले की चिखलाचे पट्टे उघडे पडतात, त्यातले किडे, शेवाळ आणि शिंपले पक्ष्यांच्या आवाक्यात येतात, आणि त्याच ओलाव्यावर काठचे शेतकरी गाळपेर करतात. पाणथळ जागेचे आयुष्य पाण्याच्या साठ्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्या पाण्याच्या चढण्या-उतरण्यावर अवलंबून असते, हे भिगवणचा नावाडी कोणतेही पुस्तक न वाचता सांगतो. लोकताकचे दुखणे याच एका वाक्यात आहे. तेथे पाणी चढते, पण पूर्वीसारखे उतरत नाही.

लोकताक हे ईशान्य भारतातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. मैतेई भाषेत ‘लोक’ म्हणजे ओढा आणि ‘ताक’ म्हणजे शेवट. जिथे ओढे संपतात ती जागा. नाव अगदी चपखल आहे, कारण इंफाळचे खोरे हे डोंगरांनी वेढलेले एक विस्तीर्ण ताट आहे आणि त्या ताटाच्या दक्षिणेकडच्या सखल भागात भोवतालच्या पश्चिम डोंगरांतले ओढे येऊन विसावतात. रामसर कराराच्या यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, २३ मार्च १९९० रोजी या सरोवराचा समावेश झाला तेव्हा त्याचे क्षेत्र २६,६०० हेक्टर नोंदवले गेले. खोली मात्र फारच कमी. सरासरी पावणेतीन मीटरच्या आसपास. म्हणजे दोन पुरुष खोलीसुद्धा नाही. इतक्या उथळ सरोवरात पाणी एक मीटर वर-खाली झाले तरी शेकडो हेक्टर जमीन बुडते किंवा उघडी पडते, ही गोष्ट पुढच्या सगळ्या कथेची किल्ली आहे.

पूर्वी हे एकसंध सरोवर नव्हतेही. मणिपुरात दलदलीच्या तळ्याला ‘पात’ म्हणतात. लोकताक पात, ताक्मू पात, उंगामेन पात अशी अनेक पाते या सखल भागात शेजारी शेजारी होती; पावसाळ्यात ती एकमेकांत मिसळत, हिवाळ्यात पुन्हा वेगळी होत आणि मधल्या जमिनीवर भात पिके, गुरे चरत. पाण्याची ये-जा कशी होई, तेही पाहण्यासारखे आहे. सरोवराच्या पूर्वेला मणिपूर नदी वाहते आणि खोरदाक नावाचा प्रवाह सरोवराला नदीशी जोडतो. भर पावसाळ्यात नदीची पातळी सरोवरापेक्षा वर जाई, तेव्हा खोरदाकमधून पाणी उलटे सरोवरात शिरे. नदी ओसरली की तेच पाणी त्याच वाटेने परत नदीत जाई. कंबोडियातील तोनले साप सरोवराची नदी वर्षातून एकदा उलटी वाहते म्हणून जगभरचे लोक ते पाहायला जातात. आपल्या देशात तसेच काहीसे, छोट्या प्रमाणावर, होत होते आणि त्याची फारशी कोणाला दखल नव्हती. असो.

या श्वासोच्छ्वासावर जगणारी वस्तू म्हणजे फुमदी. पर्यटनाच्या जाहिरातींमध्ये तिला ‘तरंगते बेट’ म्हणतात, त्यामुळे लोकांच्या डोळ्यांपुढे माती-दगडांचे बेट येते. प्रत्यक्षात फुमदी म्हणजे जिवंत गवत, त्याखाली मुळांची घट्ट चटई आणि तिच्याखाली अर्धवट कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा व गाळाचा काळा थर, असा एकावर एक रचलेला गालिचा. जाड फुमदी दोन मीटरपर्यंत भरते. तिचा सुमारे एक पंचमांश भाग पाण्याच्या वर असतो आणि उरलेला चार पंचमांश पाण्याखाली. पाय ठेवला की ती दबते, दोन पावलांवरचे गवत हलते, आणि पहिल्यांदा चालणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. गवतेही साधीसुधी नाहीत. ‘इशिंग काम्बोंग’ नावाचे रानभाताचे एक गवत फुमदीवर वाढते; त्याच्या खोडाला एक प्रकारची बुरशी लागून ते फुगते, आणि ते फुगलेले कोवळे खोड इंफाळच्या बाजारात भाजी म्हणून चांगल्या किमतीला विकले जाते. तेच गवत संगाईचेही आवडते खाद्य आहे. माणूस आणि हरीण एकाच ताटात जेवतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता या गालिच्याचे वर्षाचे चक्र समजून घेतले पाहिजे. पावसाळ्यात पाणी चढे, फुमदी वर उचलली जाई आणि तरंगत राही. फेब्रुवारीपासून पाणी उतरू लागे आणि मार्च-एप्रिलपर्यंत फुमदी सरोवराच्या तळाला टेकत असे. टेकल्यावर गवतांची मुळे तळाच्या गाळात शिरत, तिथले अन्नद्रव्य ओढून घेत आणि फुमदी जाड, वजनदार, घट्ट होत असे. पावसाळा आला की ती पुन्हा सुटे. शेतकऱ्याला हे समजायला जड जाऊ नये; उन्हाळ्यात जमीन तापू न देता बारा महिने पाण्याखाली ठेवली तर तिची जी गत होईल, तीच फुमदीची होते. याशिवाय दुसरी एक क्रिया चाले. जुनी, सुटी झालेली फुमदी पुराच्या लोंढ्याबरोबर खोरदाकमधून मणिपूर नदीत उतरे आणि थेट म्यानमारच्या दिशेने वाहून जाई. म्हणजे वाढ आणि निचरा, दोन्ही कामे पाणी स्वतःच करी.

१९८३ मध्ये मणिपूर नदीवर इथाई येथे बॅरेज उभे राहिले आणि हे दोन्ही थांबले. राष्ट्रीय जलविद्युत महामंडळाचा हा लोकताक प्रकल्प १०५ मेगावॉट क्षमतेचा आहे. बॅरेजचे दरवाजे लावून सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ७६८.५ मीटरला धरून ठेवली जाते आणि पाणी कालव्याने व बोगद्याने पश्चिमेच्या डोंगरापलीकडे, लेइमाताक खोऱ्यातल्या वीजगृहात सोडले जाते. मराठी वाचकाला हे सांगायला कोयनेइतके चांगले उदाहरण नाही. कोयनेचे पाणी मूळचे कृष्णेचे, बंगालच्या उपसागराकडे निघालेले. ते सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरवले जाते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. लोकताकचे पाणीही असेच खोरे बदलते. मणिपूर नदी म्यानमारमध्ये जाऊन चिंदविनच्या आणि पुढे इरावतीच्या पाण्यात मिसळते. पण वीजगृहातून निघालेले पाणी बराकच्या खोऱ्यात पडते. अभियांत्रिकी दृष्टीने कल्पना चांगलीच होती, त्याबद्दल माझे दुमत नाही. एका फरकाकडे मात्र दुर्लक्ष झाले. कोयनेचा शिवसागर माणसाने नव्याने तयार केलेला जलाशय आहे, तर लोकताकचे सरोवर आधीपासून जिवंत होते आणि त्याला स्वतःची एक लय होती. त्या सरोवराला साठवण तलावासारखे वागवले गेले.

परिणाम तीन ठिकाणी दिसतात आणि ते परस्परविरोधी वाटतात, म्हणूनच सर्वसाधारण वाचकाचा गोंधळ उडतो. पहिला, काठच्या जमिनींचा. ज्या जमिनी हिवाळ्यात उघड्या पडून भाताला मिळत, त्या कायमच्या पाण्याखाली गेल्या. हजारो हेक्टरांचा हा प्रश्न आहे आणि नेमक्या आकड्यावरून व नुकसानभरपाईवरून शासन आणि काठचे लोक यांच्यात अजून वाद आहे. शेती गेलेल्यांपैकी अनेकांनी मासेमारी पत्करली. दुसरा परिणाम सरोवराच्या उत्तर व मध्य भागात. तेथे फुमदी वाढली, कारण तिचा निचरा थांबला आणि खाद्य मात्र वाढले. इंफाळ शहराच्या मधून वाहणारी नांबुल नदी शहराचे सांडपाणी आणि कचरा घेऊन थेट लोकताकमध्ये येते. पुण्यात मुळा-मुठेवर जलपर्णी कशाने माजते हे ज्याने पाहिले आहे त्याला यापुढे समजावण्याची गरज नाही. जलपर्णी लोकताकमध्येही आहेच आणि तिच्या गुंत्यावर नवीन, पातळ, ठिसूळ फुमदी तयार होते. तिसरा परिणाम सरोवराच्या आग्नेय टोकाला, केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यानात. तेथे फुमदी पातळ होत चालली आहे, कारण पाणी उतरत नाही, ती तळाला टेकत नाही आणि तिचे पोषण होत नाही.

म्हणजे एकाच सरोवरात एकीकडे नको तितकी फुमदी आणि दुसरीकडे हवी तितकी नाही. ‘यंत्रे लावून बेटे काढतात, मग हरणांचे काय’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. जी फुमदी काढली जाते ती उघड्या सरोवरातली. उद्यानातली फुमदी वेगळी आणि तिचे दुखणेही वेगळे. अर्थात, यंत्राने फुमदी काढणे हा उपाय मला कधीच फारसा पटला नाही. पाण्याचा निचरा पूर्ववत न करता आणि नांबुलचे पाणी स्वच्छ न करता फुमदी उपसणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे. काढलेली फुमदी काठावर टाकली जाते, ती कुजते, आणि तिच्यातले अन्नद्रव्य पावसाबरोबर पुन्हा पाण्यात येते.

संगाईविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक लोक लोकताकला तिच्यासाठीच जातात. या हरणाच्या कपाळावरचे पुढचे शिंग आणि मागचे मुख्य शिंग मिळून एकच सलग कमान होते. इतर जातींच्या हरणांत अशी कमान दिसत नाही. मऊ, लवचीक फुमदीवर चालताना ते खुरांच्या मागचा पायाचा भागही टेकवते, त्यामुळे त्याची चाल थोडी डोलणारी वाटते आणि त्यावरूनच त्याला ‘नाचणारे हरीण’ म्हणू लागले. याच जातीच्या बहिणी म्यानमारमध्ये, कंबोडिया-लाओसमध्ये आणि चीनच्या हाइनान बेटावर आहेत, पण ही उपजात नैसर्गिक अधिवासात फक्त केइबुल लामजाओत उरली आहे. १९५१ मध्ये ती नामशेष झाली असे मानले गेले. १९५३ मध्ये आसामातील चहामळ्यात काम करणारे निसर्ग अभ्यासक ई. पी. जी यांना ती पुन्हा आढळली. १९६६ मध्ये त्या भागाला अभयारण्याचा आणि २८ मार्च १९७७ रोजी राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मधल्या काळात, १९७५ मध्ये, हवाई पाहणीत केवळ १४ संगाई मोजल्या गेल्या होत्या. राज्य वन विभागाच्या २०१६ च्या मोजणीत हा आकडा २६० होता. चौदावरून दोनशे साठ, ही कोणत्याही वन विभागाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे आणि त्यात काठच्या गावांतील तरुणांच्या राखणीचा वाटा मोठा आहे, हे मुद्दाम नोंदवतो.

तरीही मला धास्ती आकड्याची वाटत नाही, जमिनीची वाटते. उद्यानाचे क्षेत्र ४० चौरस किलोमीटर असले तरी पूर्ण वाढलेल्या हरणाचा भार पेलायला फुमदी साधारण मीटरभर तरी जाड लागते आणि तशी जाड फुमदी उद्यानाच्या काही भागातच आहे. पातळ फुमदीवर हरणाचे पाय आरपार जातात. उद्यानात पाबोत, तोया आणि चिंगजाओ अशा तीन लहान टेकड्या आहेत. पाणी फार चढले की हरणे आणि रानडुकरे त्यांवर आश्रय घेतात. सगळे प्राणी एकाच ठिकाणी एकवटलेले असणे हे कोणत्याही दुर्मिळ जातीसाठी अतिशय धोक्याचे असते. एखादी साथ किंवा एखादा मोठा पूर पुरेसा होतो.

माशांची गोष्ट अधिक दुःखद आहे, पण हरणासारखे देखणे रूप नसल्याने ती कोणी विचारत नाही. पेंगबा हा मणिपूरचा राज्यमासा. चिंदविनच्या खोऱ्यातून तो मणिपूर नदीने वर चढून पावसाळ्यात लोकताकच्या पाणथळीत विणीसाठी येत असे. इथाई बॅरेजने ती वाट बंद झाली आणि सरोवरातून रानटी पेंगबा नाहीसा झाला. आज बाजारात जो पेंगबा मिळतो तो तळ्यात वाढवलेला असतो. सरोवरात त्याची जागा रोहू, कटला, गवत्या अशा सोडलेल्या माशांनी घेतली, जशी उजनीत स्थानिक माशांची जागा चिलापीने घेतली. मासळीचे वजन भरते, म्हणून तक्रार कागदावर येत नाही.

मासेमारांविषयी मात्र माझे मत काही सरकारी सहकाऱ्यांना रुचत नाही, ते सांगतो. लोकताकवर माणसे फुमदीवरच झोपड्या बांधून राहतात. त्या झोपडीला ‘फुमसांग’ म्हणतात. चंपू खांगपोक हे तर सबंध तरंगते गाव. मासे धरण्याची त्यांची एक पद्धत म्हणजे ‘अथाफुम’: फुमदीच्या पट्ट्या कापून त्यांचे मोठे गोल कडे करायचे, बांबूंनी ते जागेवर रोवायचे, आत पाणवनस्पती टाकायच्या, आणि आसऱ्याला मासे जमले की भोवती जाळे लावून ओढायचे. विमानातून सरोवरावर हिरव्या बांगड्या ठेवल्यासारखी जी वर्तुळे दिसतात ती हीच. २००६ च्या मणिपूर लोकताक सरोवर संरक्षण कायद्याने सरोवराचा ७०.३० चौरस किलोमीटरचा गाभा ठरवून तेथे वस्ती आणि अथाफुमला मनाई केली. नोव्हेंबर २०११ मध्ये या कायद्याचा आधार घेऊन शेकडो फुमसांग जाळल्या गेल्या. जुलै २०२२ मध्ये लोकताक विकास प्राधिकरणाने पुन्हा नोटीस काढून तरंगत्या झोपड्या व अथाफुम काढण्यास सांगितले. अथाफुमची संख्या बेसुमार वाढली होती आणि त्यांनी पाण्याची हालचाल अडते, हे मी नाकारत नाही. पण सरोवराच्या बिघाडाची साखळी लावली तर पहिली कडी बॅरेजची, दुसरी शहराच्या सांडपाण्याची आणि तिसरी डोंगरउतारांवरील जंगलतोडीमुळे येणाऱ्या गाळाची लागते. मासेमार त्यानंतर येतो. त्यांतल्या काहींच्या तर शेतजमिनी त्याच पाण्याखाली गेल्या आहेत. साखळीतल्या शेवटच्या कडीवर पहिला घाव घालणे सोपे असते, एवढेच.

मग बॅरेज पाडावे काय? मणिपुरात ही मागणी जोरदार आहे आणि तिच्यामागची चीड मला समजते. पण चाळीसहून अधिक वर्षांत सरोवराचा तळ गाळाने भरला आहे, नवी वस्ती, नवे रस्ते, नवी मासेमारी त्या पातळीवर उभी राहिली आहे. दरवाजे एका रात्रीत कायमचे उघडले तर पूर्वीचे सरोवर परत येणार नाही. काही भाग दलदल होऊन पुढे कोरडा पडण्याचाच संभव अधिक. मला व्यवहार्य वाटतो तो मधला मार्ग: दरवाजे ठेवावेत, पण ते सरोवराच्या लयीनुसार चालवावेत. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पातळी इतकी उतरू द्यावी की उद्यानातली फुमदी काही आठवडे तळाला टेकेल, आणि पुराच्या सुरुवातीला दरवाजे उघडे ठेवून सुटी फुमदी वाहून जाऊ द्यावी. त्यासाठी उन्हाळ्यातली काही वीज सोडावी लागेल. ती किंमत कोणी मोजायची हा राजकीय प्रश्न आहे आणि तो जलतज्ज्ञाने सोडवल्याचा आव आणू नये.

असा उपाय काम करतो याला आपल्याच देशात पुरावा आहे. रामसर कराराची एक धोक्याची नोंदवही आहे; ज्या पाणथळींचे स्वरूप बिघडत आहे त्यांची नावे तिच्यात चढतात. तिला मॉन्त्रो नोंदवही म्हणतात. लोकताकचे नाव १६ जून १९९३ रोजी त्यात चढले आणि आजही, राजस्थानच्या केवलादेवबरोबर, ते तेथेच आहे. त्याच वर्षी ओडिशाच्या चिलिकाचेही नाव चढले होते. चिलिकाचे मुख गाळाने बुजले होते, समुद्राचे खारे पाणी आत येत नव्हते. २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख खोदले गेले, पाण्याची ये-जा सुरू झाली, मासळी परतली, आणि २००२ मध्ये चिलिकाचे नाव नोंदवहीतून निघाले. तेथे कोणी तण उपसत बसले नाही. आधी पाण्याची वाट मोकळी केली. धरण म्हणजे पाणथळीचा शत्रू, असाही समज करून घेऊ नये. महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, नांदूर मध्यमेश्वर, हे गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळेच तयार झाले आहे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की लोकताक मेलेले नाही, त्याची लय बिघडली आहे, आणि ती दुरुस्त करण्याचा मार्ग माहीत असूनही अवलंबला गेलेला नाही.

आता जाण्याविषयी. जावे, असेच मी म्हणेन, पण आधी काही गोष्टी पाहून. ३ मे २०२३ रोजी मणिपुरात सुरू झालेल्या हिंसाचाराचा एक केंद्रबिंदू बिष्णुपूर आणि चुराचांदपूर जिल्ह्यांची हद्द होता, आणि ती हद्द सरोवराकाठच्या मोईरांग गावापासून फार दूर नाही. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी स्थानिक यजमान आणि जिल्हा प्रशासन यांच्याकडून त्या आठवड्याची स्थिती विचारून घ्यावी. वर्षापूर्वीच्या प्रवासवर्णनावर विसंबू नये. १ जानेवारी २०२० पासून मणिपूरला इनर लाइन परमिट लागू आहे, त्यामुळे महाराष्ट्रातून जाणाऱ्यालाही परवाना लागतो; अर्ज ऑनलाइन करता येतो.

इंफाळहून दक्षिणेला तिद्दिम रस्त्याने सुमारे ४५ किलोमीटरवर मोईरांग आहे. बहुतेक सहली मोईरांगला दहा मिनिटे थांबून सरोवराकडे पळतात, ही मोठी चूक आहे. मोईरांग हे एके काळी स्वतंत्र राज्य होते. खांबा नावाचा पोरका तरुण आणि मोईरांगची राजकन्या थोइबी यांची प्रेमकथा मणिपुरात घराघरात गायली जाते, आणि तिचा बराच भाग लोकताकच्या पाण्यावर घडतो. तेथील थांगजिंग देवाच्या मंदिराचा लाइ हराओबा उत्सव प्रसिद्ध आहे. गंमत अशी की थांगजिंग हे सरोवरात उगवणाऱ्या एका काटेरी फळाचेही नाव आहे. बिहारात ज्याच्या बियांचे मखाने करतात तीच ही वनस्पती, पण इथे तिचे कोवळे देठ आणि फळ भाजीसारखे खातात. मोईरांगचे तिसरे महत्त्व आपल्या अधिक जवळचे. १४ एप्रिल १९४४ रोजी आझाद हिंद सेनेचे कर्नल शौकत मलिक यांनी येथे तिरंगा फडकवला. त्या जागी आझाद हिंद सेनेचे संग्रहालय आहे. त्यासाठी दोन तास राखून ठेवावेत.

सेंद्रा ही सरोवरात घुसलेली टेकडी. तेथून सबंध सरोवराचा पसारा दिसतो आणि तेथपर्यंत गाडी जाते, त्यामुळे गर्दीही तेथेच असते. मी थांगा किंवा कारांग या बेटांवर जाण्याचा सल्ला देईन, कारण तेथे सरोवर जगण्याचे साधन म्हणून पाहायला मिळते: जाळी विणणाऱ्या बाया, उन्हात वाळणारी मासळी, होड्यांतून उतरणारे शिंगाडे आणि कमळाचे देठ. होडी स्थानिक मासेमाराचीच घ्यावी. दरावरून फार घासाघीस करू नये; दिवसभर वल्हे मारणाऱ्याचा तो मोबदला आहे. फुमदीवर तरंगती निवासगृहे निघाली आहेत आणि त्यांची छायाचित्रे फार आकर्षक असतात. तेथे राहायचे असेल तर मैला आणि सांडपाणी कोठे जाते, हा एकच प्रश्न आधी विचारावा. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर काठावरच्या घरात राहावे.

जेवणात सिंगजू म्हणजे तिखट कोशिंबीर, इरोंबा म्हणजे उकडलेल्या भाज्यांचे ठेचलेले कालवण आणि ताजी मासळी आवर्जून घ्यावी. इरोंबातल्या ङारीला, म्हणजे आंबवलेल्या सुक्या माशाला, उग्र वास असतो. पण सुकट-बोंबलावर वाढलेल्या कोकणी माणसाने त्याला घाबरण्याचे कारण नाही.

उद्यानात पहाटे, धुके असतानाच पोहोचावे आणि निरीक्षण मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन निमूट बसावे. संगाई बहुधा दूर, उंच गवताच्या फटीतून आणि क्षणभरच दिसते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ती येणार नाही, हे आधीच मान्य केले की पाहण्याचा आनंद वाढतो. पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. तलवार बदके, चक्रवाक आणि जांभळ्या पाणकोंबड्या तेव्हा भरपूर असतात. हरणांसाठी मात्र फेब्रुवारीची अखेर अधिक चांगली, कारण तोवर गवत सुकून किंवा जळून विरळ झालेले असते आणि नवी पालवी खायला हरणे उघड्यावर येतात. प्रश्नकर्त्याचा बेत डिसेंबरचा असल्यास बदके निश्चित दिसतील. संगाईच पाहायची असेल आणि रजा पुढे ढकलता येत असेल, तर दोन महिने थांबावे.